उन्हाचं विचारायचं राहिलं

मी चहाचा कप ठेवला तो नेमका आमच्याच घरावर.

यात माझी चूक किती आणि त्या मॉडेलची किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्या गल्लीच्या मागे बुटांचा एक बंद पडलेला कारखाना होता. तो युनिव्हर्सिटीनं विकत घेतला होता आणि तो पाडून तिथे विद्यार्थ्यांना राहायला इमारत बांधायची होती. वर मुलांच्या खोल्या, खाली दुकान, लाँड्री, कॉफी मिळायची जागा. वस्तीतल्या लोकांनी येऊन बघावं, मनातलं सांगावं, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडलं होतं. मधल्या टेबलावर मॉडेल. इमारत मोठी झोकात होती. रंगीत भिंती, काचेच्या खिडक्या, समोर बोटभर उंचीची झाडं, झाडांखाली तांदळाच्या दाण्याएवढी माणसं. आणि तिच्या भोवती सगळीकडे नुसते पांढरे ठोकळे. माझ्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात बिस्किट, काखेत छत्री, आणि समोरून एका गृहस्थांनी शेकहँडसाठी हात पुढे केला. सभ्य माणूस अशा वेळी काय करील? सपाट जागा बघून कप टेकवील. मी टेकवला.

"सर! सर!" करत एक तरुण आर्किटेक्ट मुलगी धावत आली. "ती घरं आहेत."

"कुणाची?" मी विचारलं.

तिनं माझा पत्ता विचारला. मी सांगितला. तिनं कप उचलला, खाली उमटलेल्या तपकिरी गोल डागाकडे पाहिलं आणि फार हळुवारपणे म्हणाली, "तुमचंच."

त्या पांढऱ्या ठोकळ्यांना त्यांच्या धंद्यात 'कॉन्टेक्स्ट' म्हणतात, हेही तिनं मला समजावून सांगितलं. म्हणजे संदर्भ. इतकी वर्षं ज्याला मी घर म्हणत होतो, तो एका इमारतीचा संदर्भ निघाला. मी रुमालानं डाग पुसायला गेलो, तर तो आमच्या घरावरून शेजारच्या घरावर पसरला. मग मात्र माझा धीर सुटला. मॉडेल फार सुंदर आहे, चहा फार छान आहे, असं भेटेल त्याला सांगत मी हॉलच्या बाहेर पडलो.

बस स्टॉपपर्यंत आल्यावर आठवलं. बायकोनं मला एकच गोष्ट विचारायला पाठवलं होतं. आपल्या मागच्या अंगणात ऊन राहील का?

*

हे ऊन काय प्रकरण होतं ते आधी सांगायला हवं.

आम्ही दोघं नागपूरचे. म्हणजे उन्हापासून लपण्यात आमचं निम्मं आयुष्य गेलेलं. मे महिन्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. घरातून पाऊल टाकलं की मागून कुणीतरी ओरडणार, "उन्हात नको जाऊ बाप्पा!" आणि तीच माणसं इथे विलायतेत आल्यावर ऊन पडलं की एकमेकांना फोन करून कळवायला लागली. "तुमच्याकडे पडलं का? आमच्याकडे पडलं."

बायको भूल देणारी डॉक्टर. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि तिच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून मी आणि आमची मुलगी आलो. मी नागपूरला बँकेत अधिकारी होतो. इथे त्याच हॉस्पिटलच्या तळघरात जुन्या केसपेपरांची उचलठेव करायचो. लोकांना सांगताना मी 'आम्ही दोघंही हॉस्पिटलमध्ये आहोत' असं सांगतो. ऐकणारा काय समजायचं ते समजतो.

तर ऑपरेशन थिएटरला खिडकी नसते. बायको सकाळी अंधारात घराबाहेर पडायची, दिवसभर त्या पांढऱ्या दिव्याखाली झोपलेल्या माणसांच्या श्वासांकडे बघत बसायची, आणि दुपार कलल्यावर घरी यायची. आली की पर्स सोफ्यावर, बूट दारात, आणि ही थेट मागच्या अंगणात. अंगण कसलं, विटांच्या भिंतींमधली एक फरशी. कपड्यांची दोरी, कचऱ्याचा डबा, कुंडीत कढीपत्ता, तोही दर थंडीत मरणारा. पण अंगणाचं तोंड पश्चिमेला आणि मागे कारखान्याची बसकी शेड. त्यामुळे ऊन असलं की त्या वेळेला ते शेडच्या पत्र्यावरून घसरत नेमकं आमच्या अंगणात यायचं. तिथे एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची. तीत ती डोळे मिटून बसायची. मी चहा नेऊन द्यायचो. त्या अर्ध्या तासात तिच्याशी बोलायचं नाही, असा घरातला नियम होता. एकदा मुलीनं बोट कापून घेतलं, तरी आधी माझ्याकडे आली आणि कुजबुजत म्हणाली, "बाबा, आई उन्हात आहे ना, म्हणून तुलाच सांगते."

बसून उठली की ती पुन्हा माणसात यायची. मग भाजी चिरणं, अभ्यास घेणं, माझ्यावर चिडणं, सगळं सुरळीत सुरू व्हायचं. ज्या दिवशी ऊन नसेल त्या दिवशी ती घरात असायची, पण आलेली नसायची.

त्या प्रदर्शनाच्या दिवशी मी घरी आलो तेव्हा ती ओट्याशी होती.

"विचारलंत?"

"मॉडेल फार सुरेख केलंय," मी म्हणालो.

"ऊन, अहो. ऊन."

मग कपाची सगळी गोष्ट सांगणं भाग पडलं. मुलगी तेव्हा पंधरा-सोळाची. तिचं मराठी इथल्या पाण्यावर वाढलेलं. ती पोट धरून हसायला लागली. "बाबा, तू आपला घरावरच कप ठेवला? किती मोठा चूक आहे हा!"

"चूक मोठी असते," मी म्हणालो.

"तेच तर मी म्हणते!"

बायको मात्र हसली नाही. फोडणीत मोहरी टाकता टाकता म्हणाली, "एक वाक्य विचारायला पाठवलं होतं तुम्हाले. एक." चिडली की तिच्या बोलण्यात नागपूर येतं.

*

पुढच्याच आठवड्यात मला शेकहँड करू पाहणारे ते गृहस्थ घरी आले. वस्तीतल्या लोकांशी बोलायला युनिव्हर्सिटीनं नेमलेली ती माणसं असतात ना, त्यातले. निवृत्तीला आलेले, उंच, खांद्यात वाकलेले, आणि चेहरा असा की गेली काही वर्षं लोक यांच्यावर फक्त ओरडलेच असावेत. घरोघर जाऊन ते आकृत्या दाखवत होते. बायको नुकतीच ड्यूटीवरून आली होती, अजून उन्हात गेली नव्हती. म्हणजे परिस्थिती नाजूक.

पण दारात आलेल्या माणसाला काही न देता आकृत्या कशा बघायच्या? तिनं पोहे केले. नागपूरचे पोहे म्हणजे वर हरभऱ्याची तर्री, लालभडक. मी त्यांना म्हटलं, तर्री बेतानं घ्या. त्यांना वाटलं मी आग्रह करतोय. त्यांनी दोन डाव घेतली. पहिल्या घासाला त्यांचे कान लाल झाले, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी ते 'लव्हली, लव्हली' म्हणत बशी संपवत राहिले. त्या दिवसापासून आमच्या घरात त्यांचं नाव तर्रीकाका पडलं.

नाक पुसून तर्रीकाकांनी टेबलावर आकृत्या पसरल्या. आमची गल्ली वरून पाहिलेली, आणि तिच्यावर करड्या रंगाची सावली. मार्चमध्ये सावली कुठवर येईल, जूनमध्ये कुठवर, डिसेंबरमध्ये कुठवर. डिसेंबरच्या कागदावर आमचं घर शोधायलाच वेळ लागला, सगळंच करडं.

आता तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण पाहुण्याला अवघडल्यासारखं झालेलं मला बघवत नाही. मी म्हणालो, "डिसेंबरात तसंही इथे ऊन कुठे असतं!"

तर्रीकाकांनी कृतज्ञतेनं माझ्याकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं. पेशंटला भूल पुरती चढलीय की नाही हे बघताना ती ज्या नजरेनं बघते ना, त्या नजरेनं.

"मी घरी येते त्या वेळेचं सांगा," ती त्यांना म्हणाली.

त्यांनी चष्मा लावला. मार्चच्या कागदावर बोट ठेवलं. करडं. सप्टेंबर. करडं. जूनच्या कागदावर त्यांचं बोट जरा रेंगाळलं. "इथे थोडं राहील. या कोपऱ्यात."

"तिथे कचऱ्याचा डबा असतो."

"डबा हलवता येईल," मी म्हणालो.

बायको उठली, खुर्चीवरचा स्वेटर घेतला आणि मागे अंगणात गेली. काचेच्या दारातून ती खुर्चीत बसलेली दिसत होती, तोंड वर करून, डोळे मिटून. तर्रीकाका बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग हळू आवाजात मला म्हणाले, "हे मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगतो. कौन्सिलच्या प्लॅनिंग कमिटीसमोर सगळे येऊन गोंगाटाबद्दल बोलतात, पार्किंगबद्दल बोलतात. त्यांना ते पाठ झालंय. तुम्ही येऊन हे सांगा. दिवसभर खिडकी नसलेल्या खोलीत काम करणारी डॉक्टर या अंगणात बसते, हे सांगा. मागच्या बाजूचा वरचा मजला उतरवा म्हणून कमिटी अट घालू शकते. पूर्वी घातलीय. तेवढ्यानं निम्मं ऊन वाचेल."

निम्मं ऊन! मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो तो डब्यात चिवडा घालूनच.

*

कमिटीची सभा ठरली तो नेमका बायकोच्या मोठ्या ऑपरेशनांचा दिवस. "मीच गेले असते," ती म्हणाली. "पण कुणाला अर्धवट झोपवून येऊ? तुम्ही जा. तीन मिनिटं देतात म्हणे. उन्हाचं बोला. बाकी काही बोलू नका."

शेजारी एक गुजराती म्हातारी राहायची, आम्ही तिला बा म्हणायचो. तिचे पापड त्याच उन्हात वाळायचे. बाला इंग्रजी समजायचं पण बोलताना ती हिंदीचा आधार घ्यायची. ती मला म्हणाली, "भाई, तुम बोलो. तुमको तो भाषण का आदत है."

ही सवय म्हणजे काय, तेही सांगतो. आमच्या महाराष्ट्र मंडळात गाणारे होते, नाटक बसवणारे होते, गणपतीची आरास करणारे होते. मला यातलं काहीच येत नाही. म्हणून दर कार्यक्रमाला आभारप्रदर्शन माझ्याकडे. त्यात मात्र मी तयार झालो होतो. हॉलचा दरवाजा उघडणाऱ्यापासून शिऱ्यात बेदाणे घालणाऱ्या वहिनींपर्यंत मी कुणाला सुटू द्यायचो नाही. लोक चपला घालता घालता ऐकायचे, पण आपलं नाव येईपर्यंत थांबायचे. एक नाव राहिलं तर वर्षभर त्या घरात आपल्याला चहा मिळत नाही, हे मी अनुभवानं शिकलो होतो.

सभेला मी लग्नातला कोट घातला. बा मफलर गुंडाळून पहिल्या रांगेत बसली. समोर अर्धगोलात कमिटीची मंडळी, मध्ये अध्यक्षबाई, आणि बोलणाऱ्याच्या टेबलावर तीन दिवे. हिरवा लागला की सुरू करायचं, पिवळा लागला की आवरायचं, लाल लागला की थांबायचं. माझ्या आधी बोलणारे कुणी पार्किंगवर, कुणी गोंगाटावर, धडाधडा बोलून खाली बसले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला तर त्यांची लाज वाटली. एवढी मोठी माणसं आपल्यासाठी संध्याकाळ घालवतायत, आणि हे आले, भांडले आणि बसले!

माझा हिरवा दिवा लागला.

मी अध्यक्षबाईंना अभिवादन केलं. कमिटीच्या सन्माननीय सदस्यांना केलं. आम्हा परक्या देशातून आलेल्यांना या शहरानं कसं सामावून घेतलं, त्याबद्दल कौन्सिलचे आभार मानले. मग वाटलं, विरोध करायचाय तरी ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांचं चांगलं आधी सांगावं, त्याशिवाय आपलं म्हणणं समतोल वाटत नाही. म्हणून युनिव्हर्सिटीचे आभार मानले. मॉडेलचं कौतुक केलं. आर्किटेक्ट मुलगी डाग पडूनही रागावली नाही म्हणून तिचे आभार मानले, त्यावर थोडा हशा झाला, आणि हशा झाला की माणूस वाहवतो. तर्रीकाका कोपऱ्यात उभे होते. ते घरी येऊन गेले, आपुलकीनं आकृत्या समजावून दिल्या, त्यांचे मनापासून आभार मानले. तर्रीकाका दोन्ही हात हलवून काहीतरी खुणावत होते. मला वाटलं संकोचतायत. खुर्च्या मांडणारा केअरटेकर दारात होता, त्यालाही सोडला नाही. कुठेतरी पिवळा दिवा लागला असणार. मी तेव्हा शेजाऱ्यांच्या आभारांवर होतो.

"आणि शेवटी," मी म्हणालो, आणि कोटाची बाही नीट केली. कारण आता मुख्य मुद्दा. "शेवटी, माझ्या पत्नीच्या वतीनं..."

लाल दिवा लागला.

"थँक यू, सर," अध्यक्षबाई हसून म्हणाल्या. "या खोलीत कुणी आमचे आभार मानले, असं मला तरी आठवत नाही."

"मॅडम, एकच वाक्य..."

"सॉरी, सर. नियम सगळ्यांना सारखा."

कमिटीतले एक जाडसर सदस्य शेजारच्याला म्हणाले, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, "हे नक्की विरोधातच बोलले ना?"

मी खाली बसलो. बानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "भाई, धूप का क्या हुआ?"

इमारत सगळ्या मजल्यांसह मंजूर झाली. पार्किंगसाठी एक अट आली. गोंगाटासाठी एक अट आली. उन्हाचं कुणी बोललंच नव्हतं, तर त्याला अट कशी येणार?

घरी आलो तेव्हा बायको जेवायची थांबली होती. मी कोट काढून खुंटीला लावेपर्यंत तिनं वाट पाहिली.

"म्हणालात?"

"म्हणणारच होतो. तेवढ्यात दिवा लागला."

"आधी काय करून राहिले होते?"

मी सांगितलं. मुलगीही यावेळी हसली नाही. बायकोनं पानं वाढली, वरण वाढलं, तूप वाढलं. मग म्हणाली, "कुणी राहिलं तर नाही ना आभार मानायचं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग झालं."

त्यापेक्षा तिनं भांडी आपटली असती तर बरं वाटलं असतं.

*

इमारत वर यायला लागली. आधी कारखाना पडला, तेव्हा तर गंमतच झाली. शेडही गेल्यामुळे आमच्या अंगणात पूर्वीपेक्षा जास्त ऊन यायला लागलं. मावळेपर्यंत. बा पापडांबरोबर मिरच्याही वाळवायला लागली. बायको तासभर बसायची. "बघ," मी मुलीला म्हणालो, "उगाच घाबरलो." मी जगात कशाचंही सांत्वन करू शकतो, फक्त ते टिकत नाही.

मग क्रेन आली. मग जमिनीत खांब ठोकणं सुरू झालं. बायकोला रात्रपाळी असली की सकाळी तिला झोप लागायची नाही. उशीखाली डोकं घालून ती म्हणायची, "सगळ्या गावाला झोपवते मी, मला कोण झोपवणार?" मी खिडक्यांच्या फटींत टॉवेल कोंबायचो. खिडक्या थरथरायच्या, ताटाळ्यातली ताटं आपोआप वाजायची. रविवारी भाजी आणायला लेस्टरला गेलो की ती म्हणायची, परत जायची घाई करू नका. मग आम्ही गाडीतच बसून राहायचो, मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन.

एकेक मजला चढत गेला तशी सावली अंगणात उतरत गेली. खुर्ची आधी दोरीखाली होती, मग भिंतीला टेकली, मग कोपऱ्यात. शेवटी खरंच कचऱ्याचा डबा हलवावा लागला. तो मीच हलवला, तिला न सांगता. ती आली, डब्याच्या जागी खुर्ची बघितली आणि बसली. तर्रीकाका खरं बोलले होते. तेवढ्या कोपऱ्यात थोडं आलं, तेही जूनमध्ये.

त्यानंतर सप्टेंबर. ती आली, बूट काढले, अंगणात गेली, आणि कोट अंगावर तसाच ठेवून सावलीत बसली. डोळे मिटून. मी चहा नेऊन दिला. नियम होता म्हणून बोललो नाही. कितीतरी दिवस ती अशीच सावलीत बसत राहिली. मग एक दिवस आली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी काही दिवस खुर्ची पुसून ठेवत होतो. पुढे तिच्यावर धुतलेल्या कपड्यांची टोपली ठेवायला लागलो.

मुलं राहायला आली. वाईट नव्हती. एकानं वाऱ्यानं पडलेला आमचा कचऱ्याचा डबा उचलून ठेवला, एकीनं बाची पिशवी दारापर्यंत आणून दिली. शुक्रवारी गाणी, शनिवारी गाणी, रविवारी शांतता. खाली कॉफीचं दुकान झालं. बाला पोस्ट ऑफिस हवं होतं. तिला लाँड्री मिळाली. तिनं तिथे कधी पाऊल टाकलं नाही. पापडही तिनं लेस्टरहून विकतचे आणायला सुरुवात केली आणि ते कसे वाईट आहेत, हे ती भिंतीवरून आम्हाला नेमानं सांगायची.

त्या कॉफीच्या दुकानात मला तर्रीकाका एकदा भेटले. निवृत्त होत होते. माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मी कप अगदी जपून टेबलावर ठेवला, ते बघून तेही हसले.

"तुम्ही उन्हाचं बोलला असतात," मी न विचारताच ते म्हणाले, "तरी बहुधा मंजूर झालंच असतं."

'बहुधा' हा शब्द त्यांनी फार मायेनं उच्चारला. मी तो घरी घेऊन आलो, आणि बायकोला दिला नाही.

*

मग मुलीचंच युनिव्हर्सिटीत जायचं आलं. उत्तरेकडचं शहर, तीन-चार तासांचा रस्ता. गाडीत उशी, रजई, कुकर, मसाल्याचा डबा, मोठा भातुकलीचा संसारच. रस्त्याचा नकाशा बायकोच्या मांडीवर होता आणि दोन वेळा चुकलो ते दोन्ही वेळा मी.

पत्त्यावर पोचलो. गाडीतून उतरून मी वर पाहिलं आणि पाहतच राहिलो. रंगीत भिंती, मोठ्या काचा, खाली दुकान, लाँड्री, कॉफी. समोर नवीन लावलेली झाडं, काठ्यांना बांधलेली. तांदळाच्या दाण्यांएवढी होती ती माणसं आता खरीखुरी झाली होती आणि त्यांच्या हातात गाद्या होत्या.

"बाबा, हा किती मस्त आहे ना!" मुलगी म्हणाली. यावेळी मी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही.

खोली वरच्या मजल्यावर, मागच्या कोपऱ्यातली, दोन बाजूंना खिडक्या. दार उघडलं आणि आम्ही तिघंही दारातच थांबलो. दुपार कलली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन नुसतं ओतत होतं. गादीवर ऊन, टेबलावर ऊन, भिंतीवर ऊन. इतकं की मुलीनं डोळ्यांवर हात धरला. मी खोकी आत आणू लागलो. कुकर कुठे ठेवायचा, हीटर कसा लावायचा, दाराची कडी नीट लागते ना, सगळं तपासून झालं. बायको मात्र दुसऱ्या, बाजूच्या खिडकीपाशी गेली ती तिथेच उभी राहिली. तिच्या एका गालावर ऊन होतं. पण डोळे मिटलेले नव्हते. ती खाली बघत होती.

मी मागे जाऊन उभा राहिलो. खाली विटांच्या बुटक्या घरांची एक ओळ होती. प्रत्येकाच्या मागे इवलंसं अंगण, कपड्यांची दोरी, कचऱ्याचा डबा. सगळी अंगणं करडी. एका अंगणात कुणीतरी बाई स्वेटर घालून कपडे वाळत घालत होती. चादर झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग आकाशाकडे पाहिलं, म्हणजे खरं तर आमच्याकडेच, आणि आत गेली.

बायको वळली. मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मुलगी "हो आई, हो" म्हणाली. मला वाटलं, नेहमीचंच. वेळेवर जेव, फोन कर, थंडीत कान झाक.

आम्ही परत निघालो. गाडीत मागची सीट रिकामी होती आणि आरशात सारखी दिसत होती. मोटरवेला लागल्यावर मी म्हणालो, "खोली चांगली आहे."

"चांगली आहे."

"ऊनही भरपूर."

ती नकाशाची घडी घालत होती. आधी चुकीची घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"तिला सांगून आले," ती म्हणाली. "दुपारी पडदा ओढून झोपत जाऊ नको. जरा वेळ बसत जा त्यात. कुणाच्या तरी अंगणातून आणलंय ते, वाया नको जायला."